सुका कचरा कोणाचा

तानुबाईचा आवाज मोठा नव्हता, पण लांब जायचा. "लोखंऽड, पलाश्टिक, रद्दीऽऽ! कांदे घ्या व बायाहोऽऽ" म्हणत ती वाघझरीच्या माळीपुऱ्यात शिरली की बाया परातीतलं पीठ तसंच सोडून दारात यायच्या. फुटकी बादली, गंजका विळा, पोरांच्या जुन्या वह्या, तेलाचे डबे असं काय काय हातगाडीवर पडायचं आणि तानुबाई त्याच्या बदल्यात ओंजळीनं कांदे टाकायची. तराजू होता तिच्याकडे, पण तो काढला की बायांना राग यायचा. ओंजळीचा अंदाज दोघींनाही असायचा, आणि वरून दोन कांदे पडल्याशिवाय कोणतीही बाई जागची हलायची नाही. वीस वर्षं हा कारभार बिनबोभाट चालला होता.

कापसाच्या दिवसांत ती फेरी बंद ठेवून वेचणीला जायची. त्या वर्षी गुलाबी अळीनं पराटी, म्हणजे उभी कपाशी, पोखरली. बोंडं फुटली नाहीत, फुटली त्यांत निव्वळ कवडी, किडका पिवळा कापूस, निघाली, आणि दोन वेचे होतात न होतात तोच लोकांनी उभी पराटी उपटून टाकायला सुरुवात केली. घरातल्या दोन बायांची चार महिन्यांची मजुरी अशी गेली. नवरा नत्थुजी तीस वर्षं जिनिंगमध्ये रुईची धूळ खाऊन दम्यानं खाटेला लागलेला. मुलगा ट्रकवर, महिन्यातून एकदा तोंड दाखवणारा. म्हणजे घर आता फेरीवरच चालायचं होतं. तानुबाईनं त्याचं रडगाणं गायलं नाही. तिनं आणखी दोन पुरे फेरीत घेतले, आणि सून चंदा पोतं घेऊन दुसऱ्या अंगानं फिरू लागली.

पौषात गावात घंटागाडी आली. एक खाना हिरवा, एक निळा, वर कर्णा. सकाळपासून तेच ते गाणं ऐकून गावातली कुत्रीसुद्धा कंटाळली. ओला कचरा हिरव्यात, सुका निळ्यात. आठ दिवस लोकांना मौज वाटली. नवव्या दिवशी पार्बताबाईच्या दारात घंटागाडी आणि हातगाडी समोरासमोर आल्या.

घंटागाडीवर सुपरवायझर म्हणून नितेश होता. गळ्यात पट्टा, पट्ट्याला ओळखपत्र. त्यानं गाणं बंद केलं आणि खाली उतरला.

"ए बुढे, ठेव ते खाली. हे सुकं हाय. सुकं आता आमच्या गाडीत पडते. फेरीवाल्याईले बंदी हाय."

"कोनं केली बंदी?"

"नगरपंचायतीनं. ठेका खुशालरावभाऊंचा हाय. गावातला सारा कचरा आता ठेकेदाराचा."

"कचरा?" तानुबाईनं हातातली फुटकी बादली त्याच्या नाकासमोर धरली. "याले कचरा म्हनतं काय तू? याचे आत्ताच कांदे देल्ले म्या."

पार्बताबाई आठ एकरांची मालकीण आणि तोंडानं पुऱ्यात सगळ्यात तिखट. ती पदर खोचून पायरी उतरली. "काय रे नितेश, घरपट्टीसंग यंदा सफाईची पट्टी लावली ना तुमी? पयले कचऱ्याचे आमाले कांदे भेटत होते. आता कचराबी आमीच द्याचा आन् पैसेबी आमीच द्याचे. हे कोनतं शहानपन?"

"गावाच्या स्वच्छतेसाठी हाय काकू," नितेश म्हणाला, आणि काकूकडे न पाहता त्यानं दोन माणसांना खूण केली. हातगाडी घंटागाडीमागून आलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढली. चढवताना ती कलंडली, कांदे नालीत गेले. तानुबाई नालीच्या काठावर बसून एकेक कांदा काढू लागली. कर्णा पुन्हा सुरू झाला. पार्बताबाईनं पाण्याचा लोटा आणून दिला, त्या पाण्यानं तानुबाईनं आधी कांदे धुतले आणि मग हात.

तिथून ती तडक मुनव्वरभाईच्या भंगाराच्या दुकानात गेली. वीस वर्षं तिचा माल त्याच दुकानात पडत होता. मुनव्वर खाली बसून डबे चपटे करत होता. त्यानं सगळं ऐकलं आणि हातोडा बाजूला ठेवला.

"सुनो बाई, ठेका टनावर हाय. जितकं वजन, तितकं बिल. वरून सरकारचा निधी येते, खालून तुमची पट्टी. आन् निळ्या खान्यातला माल इकून येते ते अलग. तीन तोंडानं खाऊन राहिला खुशालराव."

"आन् तुमी?"

"माहं काय? माल सीधा अमरावतीले जाते. माह्या काट्यावर आता माश्या बसून राहिल्या." तो हसला, पण त्याच्या बायकोनं, अनीसानं, आतून सांगितलं की अचलपूरला भावाच्या दुकानात कामाला जायचं चाललंय त्याचं, या वयात. मुनव्वर मग हसायचा थांबला.

"खुशालरावाकडं जातो मी," तानुबाई म्हणाली. "गाडी माही हाय. चोरीची नाई."

खुशालराव वाईट बोलणारा माणूस नव्हता, तेच तर अवघड होतं. जुन्या बंद जिनिंगच्या मागं त्याचा कचऱ्याचा डेपो होता. तिथं टिनाच्या शेडमध्ये तो खुर्चीवर बसला होता. "या तानुबाई, बसा," म्हणाला. बसायला दुसरी खुर्ची नव्हती. तानुबाई उभीच राहिली. तिची हातगाडी शेडच्या मागं तारेच्या कुंपणात दिसत होती, तिला साखळी लावलेली.

"काहून उन्हातान्हात फिरता या वयात?" खुशालराव म्हणाला. "इथं निवडनीले बाया पायजे मले. तुमी आन् सून, दोघी या. रोजी देतो. फक्त या कागदावर अंगठा लावा, का आता फेरी करनार नाई म्हनून. मंग गाडी घेऊन जा."

"अंगठा काहून? सही येते मले."

"मंग सही करा."

"फेरी सोडाची असन तं गाडी काय घरात आरती ओवाळाले नेऊ?" तानुबाई म्हणाली. "कागद राहू द्या. कामाले येतो आमी."

ती कामाला का गेली, हे चंदाला कळलं नाही. तिला रोजीचा आनंद होता. तानुबाईला घरात पीठ हवं होतं हे खरंच, पण गाडी जिथं बांधली आहे तिथं रोज जाऊन उभं राहायचं, हेही तिनं ठरवलं होतं. नत्थुजीनं खाटेवरून विचारलं, "हरली काय व?" तर ती म्हणाली, "चूप पडा. खोकला येईन."

डेपोवर सहा बाया होत्या. सकाळी आठला ट्रॉली रिकामी व्हायची आणि त्या ढिगाभोवती बसायच्या. प्लास्टिक इकडे, पुठ्ठा तिकडे, काच वेगळी, चिंध्या वेगळ्या. ओलं-सुकं वेगळं द्या म्हणून गाडी दिवसभर गात फिरे, पण डेपोवर येईपर्यंत दोन्ही खाने एकाच ट्रॉलीत रिचवलेले असत. सडक्या भाजीत मेलेला उंदीर, त्याच्या खाली पोरांची हागीमुती. वाकून वाकून कंबर धरायची. दुपारी भाकरी खाताना हाताचा वास जायचा नाही, म्हणून बाया भाकरी फडक्यात धरून खायच्या. तिसऱ्या दिवशी चंदाच्या बोटात ढोराच्या डॉक्टरनं फेकलेली सुई घुसली. बोट टरारून सुजलं. तिनं हळद भरली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आली, कारण न येण्याची रोजी नव्हती.

चौथ्या दिवशी नितेशनं पोतंभर हातमोजे आणि मास्क आणले. बायांना घालायला लावले, ओळीत उभं केलं, मोबाईलवर फोटो काढले. चंदाचं सुजलं बोट मोज्यात जाईना, तर म्हणाला, "तो हात मागं घे." फोटो झाले की हातमोजे काढून परत पोत्यात.

"राहू दे ना भाऊ," चंदा म्हणाली.

"खराब होतीन," नितेश म्हणाला. "पुढच्या फोटोले लागते."

तानुबाईची कानशिलं तापली. त्या दिवसापासून ती डोळे उघडे ठेवून काम करू लागली. बायांनी निवडलेला चांगला माल दुपारीच वेगळ्या गाडीत भरून अमरावतीला जायचा. आणि चारच्या सुमाराला, उरलेला कचरा वजनाला जायच्या आधी, ट्रॉली कुठूनशी अर्धी भरून यायची. खाली माती, मग त्यावर बाया कचरा चढवायच्या. वर प्लास्टिकचा थर. मग ट्रॉली जिनिंगच्या जुन्या काट्यावर जायची आणि पावती निघायची.

"नालीतला गाळ हाय," नितेश सांगायचा.

तानुबाईनं एकदा कचरा चढवता चढवता खाली हात घातला. हाताला लागलेलं ढेकूळ तिनं कमरेच्या पिशवीत टाकलं आणि घरी नेऊन नत्थुजीच्या तळहातावर ठेवलं.

नत्थुजीनं ते फोडलं, हुंगलं. "हे नालीतलं नाई. नालीत गावची माती येते. गावची माती पांढरी, शेन-राखड पडून पडून तशी झालेली. हे वावरातलं हाय, काळं. पाय, पराटीची मुळी हाय याच्यात."

"कोनाच्या वावरातलं?"

"कोनाच्या म्हन्जे? बोरीच्या वावरात शेततळं खंदून राहिला ना खुशालराव. अनुदान भेटलं त्याले. यंत्रानं वरचा थर पराटीसकट उचलला असन, आळशानं." नत्थुजीला हसू फुटलं. "म्हन्जे तळ्याचं अनुदान येगळं, आन् तळ्यातल्या मातीचं कचरा म्हनून बिल येगळं! काय डोकं हाय!" तो इतका हसला की खोकल्याची उबळ आली, आणि तानुबाई त्याची पाठ चोळत बसली. तिला मात्र हसू आलं नाही. तिला राग आला होता.

पुढच्या सोमवारी जिल्ह्यावरून साहेब तपासणीला येणार होता. तपासणीत गावाला चांगले गुण पडले तर पुढचा निधी सुटणार होता. सकाळपासून डेपोवर चुना टाकला, उदबत्त्या लावल्या. कचऱ्याला उदबत्ती लावलेली तानुबाईनं जन्मात पहिल्यांदा पाहिली. हातमोज्यांचं पोतं निघालं. "साहेब इचारतीन तं म्हना, सारं भेटते," नितेशनं बजावलं.

साहेब आला तेव्हा ट्रॉली काट्यावर चढत होती. तरुण माणूस होता, बुटावर धूळ. त्यानं वही उघडली आणि ओळीतल्या पहिल्या बाईला विचारलं, "हातमोजे रोज मिळतात?" ती खाली पाहू लागली. दुसरीही खाली पाहू लागली. तिसरी तानुबाई होती. तिनं दोन्ही हातमोजे काढले आणि साहेबाच्या उघड्या वहीवर ठेवले.

"आजच भेटले, साहेब. तुमी गेले का वापस द्या लागते. हिचा हात पाहा." तिनं चंदाचा हात धरून वर केला. बोटातून पू आलेला.

"ही नवीन हाय, साहेब, हिले काई मालूम नाई," खुशालराव पुढं होत म्हणाला.

"मले वजनाचं मालूम हाय," असं म्हणून तानुबाईनं लुगडं खोचलं आणि ट्रॉलीच्या चाकावर पाय ठेवला. पंचावन्नाव्या वर्षी गुडघा कटकन वाजला, पण ती चढली. नितेश धावला, तोवर तिनं वरचा प्लास्टिकचा थर दोन्ही हातांनी बाजूला लोटला आणि मातीत हात घालून ओढलं. मुळ्यासकट एक अख्खी पराटी निघाली, वाळकी, किडकी बोंडं तशीच लोंबत असलेली.

"साहेब, हे वाघझरीच्या घराघरातला कचरा हाय म्हनते. बाया भाजी निवडते, तांदूळ निवडते. कोनती बाई घरात पराटी उपटते, मले सांगा."

"नालीतला गाळ हाय, साहेब," खुशालराव म्हणाला. आवाज पहिल्यांदाच चढला होता.

"मंग नालीत पराटी पेरली काय तुमी, भाऊसाहेब?" तानुबाईनं एक बोंड दातानं फोडलं आणि आतली वळवळती गुलाबी अळी तळहातावर धरली. "आन् पेरली तं पेरली, तथीबी अळीच लागली!"

काटेवाला फस्सकन हसला. मग ट्रॅक्टरचा ड्रायव्हर, मग ओळीतल्या बाया. साहेब हसला नाही. त्यानं ते बोंड हातात घेतलं, पाहिलं, आणि एवढंच म्हणाला, "ट्रॉली खाली करा. माती वेगळी, कचरा वेगळा. पुन्हा वजन घ्या."

पुढं काय झालं ते गावाला कधी नीट कळलं नाही. चौकशी बसली म्हणतात. बसलेल्या चौकशा आपल्याकडे सहसा उठत नाहीत. त्या दिवशीच्या वजनावर मात्र साहेबाची सही झाली नाही, आणि मातीची ट्रॉली यायची बंद झाली. साहेबाची गाडी वळणावर गेली तसा खुशालराव तानुबाईजवळ आला. आता तो तुमी म्हणत नव्हता.

"उद्यापासून दोघी दिसू नोका इथं. आन् तुह्या गाडीले विसर. सही नाई, तं गाडी नाई."

"सही नाईच," तानुबाई म्हणाली.

वाटेत चंदा रडली. "आता काय, आत्याबाई? रोजी गेली, गाडी गेली. बोलून काय भेटलं?"

"घसा मोकळा झाला," तानुबाई म्हणाली. पण घरी न जाता ती माळीपुऱ्याकडं वळली. पार्बताबाईच्या पायरीवर ती बसली, तशा आजूबाजूच्या बाया जमल्या. डेपोवरची गोष्ट तिच्याआधीच गावात पोचली होती. पराटीचं ऐकून बाया पोट धरून हसत होत्या, पण हसणं पार्बताबाईनंच थांबवलं.

"म्हन्जे आमची पट्टी वावरातली माती वाहाले जात होती? बोल तानुबाई, आमी काय करू?"

"काईच नोका करू. ओलं त्याले द्या, त्याच्यासाठीच तं पट्टी भरता. सुकं देऊ नोका. मी डोक्यावर पोतं घेऊन येईन. गाडी नाई, म्हनून देन्यासारखं आत्ता माह्याजवळ काई नाई. नंतर देईन."

"तुह्या देन्याचं कोन इचारलं?" पार्बताबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी घंटागाडी गात गात माळीपुऱ्यात आली. दारादारात बाया उभ्या होत्या, प्रत्येकीच्या हातात एकच डबा. सालं, चहापत्ती, शिळं अन्न हिरव्या खान्यात पडलं. निळा खाना तसाच उघडा राहिला.

"सुका कुठी हाय?" नितेशनं विचारलं.

"सुका तानुबाईचा," पहिल्या घरची म्हणाली. दुसऱ्या घरीही तेच. पार्बताबाईच्या दारात फुटका माठ, पुठ्ठे आणि बाटल्यांचं पोतं समोरच ठेवलेलं होतं, आणि त्या पोत्याला टेकून ती लसूण सोलत बसली होती.

"दंड लागन काकू."

"लाव. माह्या घरचं पोतं माह्या घरात हाय. त्याच्यावर दंड लावाचा कायदा दाखव, मंग भरतो."

नितेश निळ्या खान्याकडं पाहत उभा राहिला. तो खाना भरलेला असल्याचा फोटो त्याला रोज वर पाठवावा लागे. फोटो नाही तर बिल नाही. त्या दिवशी त्यानं जुना फोटो पाठवला. दुसऱ्या दिवशी टेकडीपुऱ्यानंही तेच केलं. तिसऱ्या दिवशी वरून फोन आला की फोटो तोच का येतोय.

तानुबाई आणि चंदा रोज पोती वाहत होत्या. माळीपुरा ते मुनव्वरभाईचं दुकान, सहा खेपा, आठ खेपा. मान आखडायची, टाळूवर चुंबळ घासून केस गळू लागले. चंदाला मुनव्वरभाईनं स्वतः सरकारी दवाखान्यात नेऊन बोटाला चिरा देऊन पू काढून आणला, तरी ती दुसऱ्या हातानं पोतं धरून चालायची. मुनव्वरनं अचलपूरचं नाव काढणं बंद केलं. "और दो दिन, बाई," तो म्हणायचा.

आठव्या दिवशी नितेश पायी आला. तानुबाई पार्बताबाईच्या दारात पोत्याचं तोंड शिवत होती.

"भाऊसाहेब म्हनते, गाडी घेऊन जाय. सही नाई लागत. फक्त निळ्या खान्यात थोडं थोडं पडू दे म्हनते, फोटोपुरतं."

"फोटोपुरतं नाई न् कशापुरतं नाई."

"बरं, नोको. गाडी तं घेऊन जाय."

"मी नाई येत," तानुबाई सुईत दोरा ओवत म्हणाली. "जितून उचलली, तितं आनून ठेवजो."

नितेश गेला. तासाभरानं माळीपुऱ्याच्या तोंडाशी चाकांचा करकर आवाज आला. तो स्वतः गाडी ढकलत होता, गळ्यातला पट्टा काढून खिशात घातलेला. दारादारांत बाया येऊन उभ्या राहिल्या. त्यानं गाडी पार्बताबाईच्या पायरीशी लावली, घाम पुसला आणि वळला.

"कुठी चालला?" तानुबाई म्हणाली. "हे पोतं जड हाय. हात लाव."

नितेशनं एकदा इकडं, एकदा तिकडं पाहिलं. मग वाकून त्यानं पोत्याची खालची बाजू धरली, आणि दोघांनी मिळून ते गाडीवर चढवलं.